पगाराऐवजी शेअर घेण्याआधी

प्रिय बाय,

तुझा निरोप वाचला. गणपतीनंतर पगार नाही, आणि आता संक्रांतीच्या तोंडावर तुमच्या कंपनीच्या मालकाने, दादाने, सगळ्यांच्या हातात एक कागद दिलाय: चार महिन्यांच्या थकलेल्या पगाराच्या बदल्यात कंपनीचे ईसॉप्स, म्हणजे पुढे शेअर विकत घ्यायचा हक्क, सही शुक्रवारपर्यंत. तू विचारतेस, करू का सही? शुक्रवार जवळ आहे म्हणून उत्तर आधी देते. करू नकोस. का करू नकोस, ते सावकाश वाच.

त्या मुलाबद्दल माझं मत वाईट नाही. बंगळुरूतली नोकरी सोडून तो परत आला, काकांच्या जुन्या घराला वायरिंग करून ऑफिस थाटलं, वीस-पंचवीस पोरांना गावात राहून कॉम्प्युटरवर काम दिलं. बारावी झाली की बॅग भरायची आणि दिवा गाडीत बसायचं, हेच आपल्याकडे चालत आलंय. संध्याकाळी खळ्यात बसून चहा पिणारा सॉफ्टवेअरवाला लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो त्याच्यामुळे. म्हणूनच तुझी पंचाईत झालीय. पुण्यातल्या कुठल्या कंपनीने पगार थकवला असता तर तू दुसऱ्या महिन्यातच बोलली असतीस. इथे मालकाला ऑफिसभर ‘दादा’ म्हणतात, त्याची आई आणि तुझी आई एकाच हळदीकुंकवाला जातात, आणि तुझे बाबा म्हणतात, ‘गावच्या पोराला अडचणीत सोडू नये.’

बाबांना एक विचार. त्यांनी गावच्या पोराला सव्वा लाख रुपये हातउसने दिले असते का? दिले असते तर किती, आणि परत कधी, हे विचारूनच ना? तुझा महिना बत्तीस हजार, असे चार महिने, म्हणजे एक लाख अठ्ठावीस हजार तू कंपनीला दिलेले आहेत. व्याज नाही, मुदत नाही, साधी चिठ्ठीसुद्धा नाही. थकलेल्या पगाराकडे ‘अजून मिळाला नाही’ असं न बघता ‘मी दिलेलं कर्ज’ असं बघायला लाग. मग पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

आता तो कागद. तू फोटो पाठवलास ते बरं केलंस, कारण खरी गोष्ट दुसऱ्या पानावर आहे. तिथे लिहिलंय की या रकमेवर तुझा यापुढे कोणताही दावा राहणार नाही. म्हणजे कर्ज तिथेच फिटलं. त्या बदल्यात शेअर मिळतात का? तेही नाही. मिळतो पुढे कधीतरी ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याचा हक्क. कंपनी कायद्याच्या 2014 च्या नियमांप्रमाणे हा हक्क दिल्यापासून तो पक्का होईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं. मध्येच नोकरी सोडलीस किंवा काढलं, तर तो बहुधा गेला. पक्का झाल्यावर शेअर घ्यायला पैसे तूच भरायचेस, आणि त्या दिवशीची बाजारभावाची किंमत तू भरलेल्या किमतीहून जास्त असेल तर मधला फरक तुझा पगार धरून त्यावर कर लागतो. शेअर विकत घ्यायला बाहेर कोणी उभा नसला तरी.

‘पण कंपनीची किंमत वीस कोटी आहे,’ असं दादा म्हणाला म्हणे. खोटं बोलत नसेल तो. एका गुंतवणूकदाराने दहा टक्क्यांसाठी दोन कोटी घातले की कागदावर कंपनी वीस कोटींची होते. वीस कोटी कुणीच मोजलेले नसतात. तुमच्या आजोबांच्या बागेचा सौदा मोहर बघून ठरायचा, आठवतंय? झाडं डवरलेली असताना ठरलेला आकडा आणि अवकाळी, तुडतुडे, फळगळ सगळं होऊन मे महिन्यात भरलेल्या पेट्या, यांत केवढा फरक पडतो ते तुला मी सांगायला नको. शिवाय गुंतवणूकदारांचे शेअर सहसा प्राधान्याचे असतात. कंपनी स्वस्तात विकली गेली तर आधी त्यांचे पैसे, उरलं तर तुमचे.

आणि कंपनी बुडालीच तर? दिवाळखोरीच्या 2016 च्या कायद्यात पैसे वाटण्याचा क्रम कलम 53 मध्ये लिहून ठेवलाय. सगळ्यात आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची शेवटच्या 24 महिन्यांची देणी आणि तारणावर कर्ज देणारे, एका पायरीवर. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार. त्याच्या खाली विनातारण कर्जवाले, सरकार, बाकीची देणी, प्राधान्य शेअरवाले, आणि अगदी तळाला साधे शेअरवाले. कायद्याच्या व्याख्येत तू कामगार ठरतेस की कर्मचारी, यावर वकील वाद घालतील. पण पगार मागणारी म्हणून तू फार तर तिसऱ्या पायरीवर आहेस. त्या कागदावर सही केलीस की तुला मिळेल ती आठवी, म्हणजे शेवटची, आणि तीसुद्धा शेअर प्रत्यक्ष हातात आले असतील तर. दादाला हे कळत असेलच असं नाही. एखाद्या सल्लागाराने ‘देणी कमी दाखवू, ताळेबंद बरा दिसेल’ एवढंच सांगितलं असेल. मी पगारपत्रकं सांभाळण्यात आयुष्य घालवलं. वाईट हेतू नसलेल्या माणसांनीच असे कागद वाटलेले मी जास्त पाहिलेत.

दादा काय सांगतो ते ऐक, पण कंपनी काय दाखल करते ते स्वतः बघ. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलंस की शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा, संचालक कोण, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. शंभर रुपये भरले तर दाखल केलेली कागदपत्रंही बघता येतात. मार्चला संपलेल्या वर्षाचे हिशेब साधारण दिवाळीच्या सुमारास तिथे यायला हवेत. सगळ्यात आधी बघ ते लेखापरीक्षक बदललाय का, आणि कोणा संचालकाने मध्येच राजीनामा दिलाय का. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज कंपनीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण लोकांना फक्त शेवट आठवतो. 2022 मध्ये जिची किंमत 22 अब्ज डॉलर सांगितली जात होती, त्या कंपनीचे लेखापरीक्षक डेलॉइट जून 2023 मध्ये बाहेर पडले, हिशेबाची कागदपत्रं वेळेत मिळत नाहीत असं कारण देऊन. त्याच सुमारास गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी संचालक मंडळातून गेले. पगार रखडल्याच्या बातम्या 2024 च्या सुरुवातीला आल्या आणि दिवाळखोरीची प्रक्रिया जुलै 2024 मध्ये सुरू झाली. पगार थकायच्या कितीतरी आधी कागद बोलले होते.

लहान ऑफिसात तर कागदाआधी डिझेल बोलतं. पावसात आपल्याकडे वीज जाते, आणि जनरेटर बंद ठेवून ‘आज सगळ्यांनी घरून काम करा’ असं सांगायला लागले की पंपावरचं खातं थकलंय हे ओळखावं. तू लिहिलंस ना, जुलैपासून तसं होतं, मग चहावाल्याने वही बंद केली, मग सर्व्हर दोनदा बंद पडला आणि ‘तांत्रिक अडचण’ म्हणून ग्राहकांना मेल गेले. तुमच्यातल्या प्रत्येकाने यातला एकेक तुकडा पाहिला होता. एकत्र बसून कुणी बोललं नाही, कारण दादाच्या पाठीमागे बोलल्यासारखं वाटलं असतं.

आज रात्रीच एक काम कर. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या साइटवर किंवा सरकारच्या उमंग ॲपवर तुझ्या यूएएनने, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरने, पासबुक उघड. पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो, पण तो तिथे भरलाय का? दर महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. तुझ्या मूळ पगाराचे 12 टक्के तुझे, तेवढेच कंपनीचे. कंपनीच्या हिश्शातला काही भाग पेन्शनला जातो, म्हणून आकडे सारखे दिसत नाहीत, त्याने घाबरू नकोस. घाबरायचं ते ऑगस्टपर्यंतचा पगार मिळाला, त्यातून पीएफ कापला, आणि पासबुकात मात्र मे महिन्यानंतर नोंद नाही, असं दिसलं तर. पगार द्यायला पैसे नसणं ही अडचण झाली. तुझ्या पगारातून कापलेले पैसे न भरणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये विश्वासघाताच्या व्याख्येतच तो बसवलाय. तसं असेल तर ‘दादा’ हा शब्द बाजूला ठेवायचा आणि ईपीएफओकडे ऑनलाइन तक्रार करायची. तुझ्या टीम लीडचा पगार कर लागण्याइतका असेल तर त्यालाही सांग, आयकर खात्याच्या साइटवर 26एएस, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, उघडून कापलेला कर जमा झालाय का ते बघ म्हणावं.

आरोग्य विम्याचंही विचार. मी जिथे काम करायचे त्या एका कंपनीत एका मुलाने वडिलांना चिपळूणला दवाखान्यात नेलं, तेव्हा काउंटरवर कळलं की ग्रुप पॉलिसीचा हप्ता भरलेलाच नाही. ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या आईची शस्त्रक्रिया व्हायची आहे, तेव्हा विमा कंपनीलाच फोन करून पॉलिसी चालू आहे का ते पक्कं कर.

आणि कागद जमव. ऑफर लेटर, सगळ्या पगार स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, हजेरीचे स्क्रीनशॉट, ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असं सांगणारे दादाचे मेसेज. सगळं स्वतःच्या मेलवर. कंपनी बंद पडते त्या दिवशी एचआर पोर्टलचा पासवर्डही चालत नाही. कंपनीचा कोड, ग्राहकांची माहिती यांतलं मात्र काही घेऊ नकोस. उद्या तुझ्यावरच उलटेल. हे कागदांचं वेड कशाला, असं वाटत असेल तर शेजारच्या वाडीत विचार. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आपल्या जिल्ह्यातली किती घरं गिरणगावाच्या पगारावर होती! पुढे कितीतरी वर्षांनी गिरणी कामगारांना म्हाडाची घरं द्यायचं ठरलं, तेव्हा पुरावा मागितला गेला: गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, पीएफचा नंबर, ईएसआयचा नंबर. ज्यांच्या म्हातारीने ते कार्ड ट्रंकेत जपलं होतं त्यांचा अर्ज पुढे सरकला. बाकीचे अजून कार्यालयांचे उंबरे झिजवतायत.

दादाशी बोलायचं कसं, यावर तू अडली आहेस. समोर बसून बोल, पण बोलून झाल्यावर त्याच दिवशी मेल कर. मेलमध्ये राग नको, उपकाराची भाषा तर मुळीच नको. ‘सप्टेंबर ते डिसेंबरचा माझा एक लाख अठ्ठावीस हजार पगार येणे आहे. आज आपण बोललो त्याप्रमाणे तो कोणत्या तारखांना मिळेल ते कृपया कळवावे. ईसॉप्सच्या बदल्यात ही रक्कम सोडण्यास माझी संमती नाही.’ एवढंच. ‘बघू’ असं उत्तर आलं तरी चालेल. देणं आहे हे त्याने नाकारलं नाही, हेही कामाचंच. आणि त्याला खरंच तुला शेअर द्यायचे असतील तर पगाराच्या वर देऊ दे, पगाराच्या जागी नको.

कायदा तुझ्या बाजूने आहे, फक्त तो हळू चालतो. वेतन संहिता, 2019 आता लागू झाली आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि नोकरी सोडलीस तर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत, असं ती म्हणते. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. म्हणजे उद्याच कामगार खात्याची पायरी चढायची घाई नाही, पण विसरायचंही नाही. दिवाळखोरीच्या ट्रिब्युनलमध्ये जाऊ असं तुमच्यातला एकजण म्हणतोय, त्याला थांबव. तिथे थकबाकी किमान एक कोटी लागते, तुमची सगळ्यांची मिळूनही तेवढी होत नसणार.

राहायचं की सोडायचं, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. तुला पगाराची भीती कमी आणि नालासोपाऱ्यातल्या चार मुलींच्या खोलीची जास्त आहे. ती भीती खरी आहे, तिला मी फुंकर घालणार नाही. इथे दुसरी अशी नोकरी लगेच मिळेल असंही म्हणत नाही. पण दोन वर्षांत तू टेस्टिंग शिकलीस, ग्राहकांशी इंग्रजीत बोलायला शिकलीस, ते त्या घराच्या भिंतीत राहिलेलं नाही. घरून काम देणाऱ्या कंपन्या पूर्वीपेक्षा कमी झाल्यात, तरी आहेत. अर्ज आजपासून सुरू कर, नोकरीत असतानाच. दादाला कळलं तर कळू दे. मार्चअखेर एकही महिना पूर्ण मिळाला नाही तर राजीनामा दे, आणि त्यात थकलेल्या रकमेचा आकडा लिही. तोपर्यंत थांबलीस तर ते डोळे उघडे ठेवून थांबणं असेल, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही.

दादावर कंपनीसाठी घर गहाण ठेवायची वेळ आली असेल तर त्याच्या आईला हळदीकुंकवाला नक्की बोलाव. त्याचा तुझ्या मेलशी संबंध नाही.

पासबुक उघडलंस की त्याची पीडीएफ मला पाठव, आणि त्या कागदाचं पहिलं पानही. फोटोत खालच्या दोन ओळी कापल्या गेल्यात. गुरुवारी दुपारनंतर मी घरीच आहे. बाबांना घेऊन ये.

तुझी,
मावशी