कैद्यांच्या पेचाआधी सीएचएसएच खेळून बघा

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय, परभणीत एमएस्सी करताय, प्रकल्पाला 'क्वांटम कैद्यांचा पेच' घेतलाय, आणि भौतिकशास्त्रवाले म्हणतात गणिताकडे जा, गणितवाले म्हणतात भौतिकशास्त्राकडे. वाचून अंगावर काटाच आला. माझ्या पीएचडीच्या आराखड्याची हीच गत झाली होती. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथं एका साहेबांनी "खेळावर कसलं संशोधन?" म्हणून फाईल बाजूला सारली. लेखी नकार कुणीच देईना, त्यामुळं दाद तरी कुठं मागणार? आख्खं वर्ष पाण्यात गेलं. म्हणून अर्ज देताना आवक क्रमांक टाकलेली पोच घ्याच. शीर्षकात 'क्वांटम माहिती' लिहा, 'खेळ' आत प्रकरणात येऊ द्या. नियम विद्यापीठागणिक बदलतात, तेवढं बघून घ्या.

आता विषयाचं. क्युबिट (क्वांटम माहितीचा एकक, बिटचा क्वांटम भाऊ) आणि नॅश समतोल (जिथं एकट्यानं चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही) तुम्हाला येतंच असं धरतो. कैद्यांच्या पेचात दोघांनी साथ दिली तर प्रत्येकी 3 गुण, पण स्वार्थापायी दोघंही दगा देतात आणि 1 वरच अडकतात.

आयझर्ट, विल्केन्स आणि लेवेनस्टाइन या भौतिकशास्त्रज्ञांच्या 1999 च्या क्वांटम मांडणीत दोघांना 1-1 ऐवजी 3-3 मिळतात, पेच सुटला असं वाटतं. पण त्यात खेळाडूंना दोनच प्राचलांच्या (म्हणजे दोनच आकडे बदलून ठरणाऱ्या) चाली दिल्यात. बेंजामिन आणि हेडन यांनी 2001 मध्ये दाखवलं की एका क्युबिटवरच्या सगळ्या चाली मोकळ्या केल्या, तर पूर्ण गुंतणुकीत (एंटँगलमेंट, म्हणजे दोन क्युबिट एकमेकांशी क्वांटम रीतीनं जोडलेले असणं) प्रत्येक चालीला तोड निघते आणि तो शुद्ध समतोल, म्हणजे चिठ्ठ्या न टाकता ठरलेल्या चालींचा, उरतच नाही. वर 2002 मध्ये व्हॅन एंक आणि पाइक म्हणाले, हा जुना खेळ सोडवणं नव्हे, नवाच खेळ मांडणं आहे. मला ते पटतं. काहींना नाही पटत. तोंडी परीक्षेत बोट मात्र इथंच ठेवतात.

त्यापेक्षा सीएचएसएच हा खेळ घ्या (क्लॉसर, होर्न, शिमोनी, होल्ट या चार भौतिकशास्त्रज्ञांच्या आद्याक्षरांवरून नाव). पंच दोघांना एकेक बिट (0 किंवा 1) देतो, दोघांनी 0 किंवा 1 असं उत्तर द्यायचं, आपसात बोलायचं नाही. दोन्ही बिट 1 असतील तर उत्तरं वेगळी हवीत, एरवी सारखी. क्वांटम न वापरता जास्तीत जास्त 75 टक्के डाव जिंकता येतात, गुंतलेल्या क्युबिटच्या जोडीनं 85.4 पर्यंत. नियमाला कुठं हात लावलेला नाही, म्हणून वादाला जागा कमी.

दोन क्युबिटला खऱ्या क्वांटम यंत्राची वाट बघू नका, साध्या लॅपटॉपवर त्याची नक्कल करणारा सिम्युलेटर चालतो. लाईट गेली तरी बॅटरीवर होतं. प्रत्येकानं मिळालेल्या बिटप्रमाणे (0 ला पहिला, 1 ला दुसरा) आपला क्युबिट ठरलेल्या कोनात मोजायचा: एकाचे मापनकोन 0 आणि 45 अंश, दुसऱ्याचे 22.5 आणि उणे 22.5. क्युबिट वाय-अक्षाभोवती फिरवणाऱ्या गेटमध्ये (क्युबिटवरची क्रिया) ते दुप्पट करून, उलट चिन्हानं द्यायचे. उत्तर 80 टक्क्यांच्या आसपास अडकलं, तर बहुतेक दुप्पट करायचं राहिलंय.