सुई घोट्यापाशी, परिणाम मेंदूत?

प्रश्न : माझ्या आईला (वय ६८) लघवीची घाई झाली की धरवत नाही. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, म्हणून डॉक्टरांनी घोट्याजवळच्या नसेला सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचार सुचवला आहे. ‘याचा परिणाम मेंदूपर्यंत होतो’ हे त्यांचे शब्द ऐकल्यापासून आई धास्तावली आहे. मेंदूला शॉक बसतो का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला, साधारण तीन बोटे वर, अगदी बारीक सुई टोचतात आणि प्रवाह हळूहळू वाढवतात; तळव्यात मुंग्या आल्या किंवा पायाचा अंगठा आपोआप वाकला, की सुई नसेजवळ पोहोचल्याचे कळते. वीज तिथेच राहते. वर जातो तो नसेचा स्वतःचा संदेश, पायात काटा रुतल्यावर जातो तसाच.

डॉक्टरांचे म्हणणेही खरे आहे. या नसेची आणि मूत्राशयाच्या नसांची मज्जारज्जूतली काही मुळे सामाईक असल्यामुळे हा संदेश मूत्राशयाच्या वाटेवरच जाऊन मिळतो. इटलीतील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात, शेवटच्या बैठकीनंतर २४ तासांनीही डोक्याच्या त्वचेवरून टिपलेल्या मेंदूच्या काही संवेदन-लहरी पूर्वीपेक्षा मोठ्या आढळल्या. नुसताच दिखाऊ उपचार दिलेल्या स्त्रियांत तसे झाले नाही.

मला त्याहून बोलका वाटतो तो लंडनमधील २००५ चा अभ्यास. त्यातील स्त्रियांची तक्रार नेमकी उलट, म्हणजे लघवी न होण्याची होती. मूत्राशय भरल्यावर एरवी मस्तिष्कस्तंभात (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात) जी हालचाल दिसते, ती त्यांच्यात दिसत नव्हती. कमरेखालच्या त्रिकास्थीतील नसेला प्रवाह दिल्यावर याच स्तंभाच्या वरच्या भागातील, म्हणजे मध्यमेंदूतील, हालचाल परत आली. घाई होणाऱ्यांना आणि लघवी अडणाऱ्यांना, दोघांनाही नसेच्या अशा उत्तेजनाने उतार पडतो, यावरूनच हा उपचार स्नायूवर जबरदस्ती करत नाही, तर मूत्राशय आणि मेंदू यांच्यातील निरोपांची घडी बसवतो, असे मानले जाते.

घडी एका दिवसात बसत नाही, म्हणून आठवड्याला एक, अर्ध्या तासाची, अशा १२ बैठका ठरवतात. तोपर्यंत आईंना लघवीच्या वेळा वहीत लिहायला सांगा. नेहमीचा त्रास म्हणजे सुईच्या जागी थोडे दुखणे किंवा किंचित रक्त येणे. मात्र त्यांना पेसमेकर बसवलेला असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते पहिल्या बैठकीपूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घाला.