मॅन्युअल म्हणतं १०डब्ल्यू-३०, मेकॅनिक म्हणतो २०डब्ल्यू-५०, मित्र कारचं ऑइल देतोय. बाइकमध्ये नक्की कोणतं टाकू?

तुमची बाइक १५० सीसी, एअर-कूल्ड, मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० लिहिलंय. मेकॅनिकच्या मते ते फार पातळ. मित्राकडे कारसाठी आणलेलं ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक उरलंय आणि तो म्हणतो, हेच टाक, महागातलं आहे. आधी मित्राचं बघू, कारण त्याच्या वाटेने मी एकदा गेलोय.

माझ्याकडेही कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेला असाच एक डबा होता. एवढं भारी ऑइल वाया कशाला घालवायचं, म्हणून बाइकमध्ये ओतलं. पहिले काही दिवस इंजिन लोण्यासारखं चालत होतं, मीच माझी पाठ थोपटून घेतली. मग एका चढावर टॉप गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळला तर इंजिन जोरात ओरडलं आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने चालत राहिली. मला वाटलं क्लच वायरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बिघडला. दोनदा अ‍ॅडजस्ट केला, फरक शून्य. शेवटी मेकॅनिककडे नेली. त्याने वायरकडे पाहिलंही नाही, एवढंच विचारलं, "ऑइल कुठलं टाकलंय?" ते काढून बाइकचं ऑइल भरलं, थोडं चालवून तेही बदललं, तरी घसरणं पूर्ण गेलं नाही. क्लच उघडला तेव्हा फ्रिक्शन प्लेटचं खरखरीत अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं आणि मधल्या स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग पडले होते. पूर्ण सेट बदलावा लागला.

कारण साधं आहे. कारमध्ये इंजिनचं ऑइल फक्त इंजिनपुरतं असतं, क्लच कोरडा आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघंही एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. (बीएमडब्ल्यूची जुनी बॉक्सर इंजिनं किंवा कोरड्या क्लचच्या डुकाटी हे अपवाद; तुमची बाइक त्यातली नाही.) पेट्रोल वाचावं म्हणून कारच्या पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये बरेचदा घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. पिस्टनला ती आवडतात, पण क्लचचं पोट घर्षणावरच चालतं.

म्हणूनच जपानमध्ये १९९८ साली मोटरसायकलच्या ऑइलसाठी जासो (JASO, तिथली वाहनांची मानकं ठरवणारी संस्था) टी९०३ हे वेगळं मानक आलं. त्यात एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं आणि एमबी म्हणजे घर्षण कमी असलेलं, कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठीचं. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. एमए२ मध्ये क्लचची पकड जास्त. तेव्हा डबा हातात घेतला की पुढचं चकचकीत चित्र सोडा, मागे बारीक अक्षरात जासोचं काय लिहिलंय ते आधी बघा. तुम्हाला एमए किंवा एमए२ हवं. डब्यावर बाइकचा फोटो आहे एवढ्यावर जाऊ नका, एमबीच्या डब्यावर स्कूटर असते आणि घाईत ती नजरेतून सुटते.

आता मेकॅनिकचं म्हणणं. इथे एक गैरसमज इतका पसरलाय की चांगले जाणकारही तो सांगतात: १०डब्ल्यू-३० थंड असताना पातळ आणि गरम झालं की घट्ट होतं. असं कुठलंही ऑइल होत नाही. तापलं की प्रत्येक ऑइल पातळच होतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. १०डब्ल्यूची थंडीतली कसोटी उणे २५ अंशांना लागते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. डॅशनंतरचा आकडा १०० अंशांवरचा घट्टपणा सांगतो: ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक), ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे तापलेल्या इंजिनातही २०डब्ल्यू-५० बरंच घट्ट असतं.

घट्ट म्हणजे जास्त संरक्षण, हे मेकॅनिकचं गणित पूर्ण चूक नाही. पण इंजिन बनवणाऱ्याने बेअरिंगमधली फट, ऑइल पंप, हेडपर्यंत, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागापर्यंत, जाणारी बारीक वाट हे सगळं एक घट्टपणा धरून आखलेलं असतं. सकाळी स्टार्ट केल्यावर टॅपेटचा आवाज किती वेळ येतो ते ऐका. घट्ट ऑइल वर पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) अर्धवट कोरडा फिरतो. वर अ‍ॅव्हरेज थोडा पडतो आणि गाडी जड वाटते. मॅन्युअलमध्ये हवेच्या तापमानाचा तक्ता आहे का बघा. कित्येक मॅन्युअलमध्ये असतो आणि त्यात गरम हवेसाठी १०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० लाही परवानगी असते. तुमच्यात असेल तर मेकॅनिक बरोबर, नसेल तर १०डब्ल्यू-३० वरच राहा. इंजिन जुनं होऊन ऑइल पीत असेल तर घट्ट ऑइलने धूर कमी होतो खरा, पण पिस्टनच्या रिंगा झिजल्यात त्या झिजलेल्याच राहतात.

तुम्ही लिहिलंय की ऑइल बदलल्यावर गिअर मऊ पडतात आणि काही आठवड्यांत पुन्हा कडक, मधेच खोटा न्यूट्रल, म्हणजे दोन गिअरच्या मधे गाडी कुठल्याच गिअरमध्ये न बसणं. यात ऑइलची ग्रेड चुकलेलीच असेल असं नाही. मल्टिग्रेड (१०डब्ल्यू-३० सारख्या दोन आकड्यांच्या) ऑइलला गरम असताना घट्ट ठेवायला दोऱ्यासारखे लांब रेणू घातलेले असतात, आणि गिअरचे दात ते दोरे सतत चिरडत असतात. दोरे तुटले की ४० चं ऑइल हळूहळू ३० सारखं वागायला लागतं. कारचं इंजिन ऑइल या जात्यातून जात नाही, म्हणून त्याचं किलोमीटरचं गणित बाइकला लावू नका. क्लचचा प्ले मात्र एकदा तपासून घ्या, कडक गिअरचं ते तितकंच नेहमीचं कारण आहे.

सिंथेटिक की मिनरल, म्हणजे साधं? सिंथेटिक उष्णतेत जास्त टिकतं, आणि एअर-कूल्ड इंजिन ट्रॅफिकमध्ये चांगलंच तापतं, तेव्हा फायदा आहे. पण सिंथेटिक आहे म्हणून दुप्पट किलोमीटर ओढणाऱ्यापेक्षा साधं ऑइल वेळेवर बदलणाऱ्याची गाडी मला जास्त दिवस टिकताना दिसलीय. 'सेमी-सिंथेटिक' या शब्दावर तर फार विसंबू नका, त्यात सिंथेटिक किती असावं याचं ठरलेलं प्रमाण नाही. डब्यावरच्या एपीआय (API, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या दर्जाच्या अक्षरांत एसजे, एसएल, एसएम, एसएन असं पुढचं अक्षर म्हणजे नवं मानक. मॅन्युअलमध्ये आहे ते किंवा त्यापुढचं चालेल, फक्त सोबत जासो हवंच.

ऑइल काळं पडलं म्हणून घाबरून बदलू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल मिसळतंय, आणि बोटावर चमचमणारी धातूची पूड दिसली तर इंजिन उघडायची वेळ आलीय. पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर सरळ उभी असू द्या. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, मग बघा. डिपस्टिक आटे पिळून मोजायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळं असतं, तेही मॅन्युअलमध्येच सापडेल. वरच्या खुणेपलीकडे भरलं तर ऑइल फेसाळतं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं.

मेकॅनिकने २०डब्ल्यू-५० आधीच भरलं असेल तर लगेच काढायची गरज नाही, डब्यावर एमए होतं एवढी खात्री करा. पुढच्या बदलापर्यंत चालवा, फक्त सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर रेस करू नका. मित्राचा डबा मात्र मित्राच्या कारलाच टॉप-अपला राहू द्या.