जुन्या गोट्या: आधी खूण शोधा, भाव नंतर

घरात काचेच्या जुन्या गोट्यांचा डबा हाती लागला आणि त्यांचं काय मिळेल असं वाटत असेल, तर मजा आहे! पण लगेच भाव शोधत बसू नका. आधी एकेक गोटी भिंगाखाली सावकाश फिरवा. हाताने घडवलेली गोटी काचेच्या दांड्यावरून कापलेली असते, त्यामुळे एका किंवा दोन्ही टोकांना खरखरीत वा घासलेली खूण सापडते. जर्मनीतल्या लाउशा या गावच्या जुन्या गोट्या अशाच. खूण नसेल तर बहुधा यंत्रावरची समजा. अमेरिकेत क्रिस्टेन्सन नावाच्या गृहस्थांना गोट्यांच्या यंत्राचं पेटंट १९०५ मध्ये मिळालं.

नवखे फसतात ते इथे:

- आत बुडबुडे दिसले म्हणजे गोटी जुनी, असं नाही. अतिनील दिव्याखाली चमकली तरी नाही.
- टवके उडालेत म्हणून पॉलिश करू नका. मूळ पृष्ठभाग गेला की किंमत घसरते, वर ती खूणही पुसली जाते. (हा शहाणपणा मी करून बसलोय.) साबणाचं कोमट पाणी पुरे.
- विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. प्रत्यक्ष कितीला विकली गेली ते पाहा, तेही तेवढ्याच मिलिमीटरच्या आणि तशाच अवस्थेतल्या गोटीचं.

गोट्यांच्या प्रकारांची नावं शिकणं सध्या राहू द्या.