एपी घ्यावं की ड्युअल एनरोलमेंट?

अमेरिकेत लेक अकरावीत जातेय ना, मग आधी तिच्या मनातल्या चार-पाच कॉलेजांचे क्रेडिटचे (म्हणजे शाळेत असताना केलेला अभ्यास पदवीत धरण्याचे) नियम वाचा, विषय नंतर ठरवा. एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय. त्याची परीक्षा मे महिन्यात, स्कोअर 1 ते 5. बरीच सरकारी विद्यापीठं 3 वरही क्रेडिट देतात. नावाजलेली खासगी कॉलेजं 4-5 मागतात, काही तर देतच नाहीत.

ड्युअल एनरोलमेंट म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचा, बहुतेकदा जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचा) वर्ग घेणं. तो वर्ग पास झाला की क्रेडिट मिळतं, सगळं एका परीक्षेवर लटकत नाही. पण तिथली ग्रेड कायमची ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रिकेवर) राहते. पुढे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांना अर्ज करताना शाळकरी वयातला 'सी'सुद्धा दाखवावा लागतो! म्हणून तिला झेपेल तोच विषय घ्या. शेजारच्यांच्या मुलाचे एपी मोजत बसू नका, प्लीज. कोर्सचा सिलॅबस मात्र जपून ठेवा. क्रेडिट ट्रान्सफर करताना तो मागू शकतात.