बाइकचं स्टार्टर बटण दाबलं की नुसतं 'टक्'?

लगेच नवी बॅटरी आणायला धावू नकोस. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) डीसी २० व्होल्टवर ठेव आणि बॅटरी मोज. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग स्टार्टर दाबून मोज. भरलेली असूनही आकडा १० च्या खाली कोसळला, तर बॅटरी थकलीय. टिकला आणि रिले (स्टार्टरला करंट सोडणारा स्विच) नुसता टकटकतोय, तर बॅटरीचे टर्मिनल उघड. मुंबईच्या पावसाळ्यात तिथे हिरवट-पांढरा थर चढतोच. निगेटिव्ह वायर आधी काढायची, लावताना शेवटी. घासून घट्ट आवळ.

काहीच आवाज नाही? हे तपास:
- किल स्विच, म्हणजे हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच (हसू नकोस, बरेचदा तोच असतो)
- साइड स्टँड, क्लच स्विच (हे दोन्हीही स्टार्टर अडवू शकतात)
- फ्यूज: त्याच अँपिअरचा लाव, तार गुंडाळू नकोस

स्टार्टर एका वेळी पाच सेकंदच दाब. वायरिंग इतक्यात उसवू नकोस.