आमच्या घरात असलं काही नाही, मग ही टेस्ट कशाला?

प्रश्न : डॉक्टर, बायकोला तिसरा महिना चालू आहे. सरकारी दवाखान्यात नाव घातलं, तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी कार्ड) झालं, रक्त घेतलं. कार्डावर बाकी सगळं कन्नडात, त्यात व्हीडीआरएल एवढंच वाचता आलं, मोबाईलवर बघितलं तर गरमीची टेस्ट निघाली. रिपोर्ट चांगला आहे, खरं आई जाम भडकलीय, म्हणते सरकार आमच्या सुनेवर संशय घेतंय काय. हे कधीपासून सुरू झालं?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आईंना आधी सांगा की ही टेस्ट गरोदर बाई कुणीही असू दे, करतातच, डीसी (जिल्हाधिकारी) साहेबांच्या मिसेस असल्या तरी सुटका नाही. गरमी म्हणजे सिफिलिस, हा रोग अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो, माणसाला पत्ताच नसतो आणि बाळाला मात्र पोटातच लागू शकतो, मग मूल पोटात दगावतं नाहीतर रोग घेऊनच जन्माला येतं. वेळेत कळलं तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनवर काम भागतं. एवढ्या स्वस्तात बाळ वाचत असेल तर टेस्ट का सोडायची?

खरं आईंचा राग अगदीच फुकटचा नाही हो. आपल्याकडं याची सुरुवातच संशयातून झालीय. १८६४ चा कँटोन्मेंटचा कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा, दोन्ही इंग्रजांनी केले ते गोऱ्या सोल्जरांची तब्येत सांभाळायला. आपल्या बेळगावच्या कॅम्पसारख्या छावण्या जिथं जिथं होत्या तिथं धंदा करणाऱ्या बायकांची नावं रजिस्टरात घालायची, ठरलेल्या दिवशी तपासणी, रोग दिसला की लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगाच्या दवाखान्यात, कोंडून ठेवायचं. रजिस्टरात नाव घालायचं ते बाईनं, सोल्जरनं नाही! आणि कोंडून उपचार तरी कसला, तर पारा. शेवटी जोसेफिन बटलर वगैरे बायकांनी इंग्लंडात रान उठवलं तेव्हा १८८८ ला तो १८६८ चा कायदा गेला. संशयाचा वास कुठं लगेच जातोय.

नंतर हे बोलायचीच चोरी झाली. आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. मुंबईत रघुनाथराव कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक असलेच प्रश्न विचारायचे आणि त्यांना उत्तरं दिली म्हणून १९३४ ला कर्व्यांवर खटला झाला, वकील म्हणून उभे राहिले डॉ. आंबेडकर, तरी दंड बसलाच. (आमच्या संपादकांना मी हे अधूनमधून ऐकवत असतो.)

१९४३ ला पेनिसिलिननं गरमी बरी होते हे अमेरिकेत दिसलं आणि खेळच पालटला. स्वातंत्र्यानंतर पिंपरीला सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनायला लागलं, गुप्तरोगांसाठी सरकारी प्रोग्रॅम चालला, मोठ्या दवाखान्यांतून 'स्किन अँड व्हीडी' (व्हीडी म्हणजे गुप्तरोग) असा बोर्ड लागला. आता सांगा, त्या बोर्डाखालच्या बाकड्यावर गावातला कोण माणूस बसणार?

१९८६ ला चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या टीमला भारतात पहिल्यांदा एचआयव्ही सापडला, १९९२ ला नॅको (एड्सचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) आली आणि गुप्तरोगांचं कामही तिकडंच गेलं. आपल्या भागाला याची झळ जास्तच बसली, सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर, देवाला सोडलेल्या देवदासी, हे सगळं तुम्हाला मी काय सांगायचं. देवाला मुली सोडायला बंदी १९३४ ला मुंबई इलाख्यात होती, १९८२ ला कर्नाटकानं परत केली, कायदा आपल्या जागी आणि जत्रा आपल्या जागी. फरक पडलेला मी बघितला तो बाया स्वतः कंडोम वाटायला लागल्यावर. शेजारी सांगलीत 'संग्राम' या संस्थेनं नव्वदीच्या सुरुवातीलाच हे चालू केलं आणि धंदा करणाऱ्या बायांचीच संघटना उभी राहिली. ज्यांना आधी कोंडायचे त्याच आता दुसरीला सोबत घेऊन तपासणीला यायला लागल्या.

तुमच्याकडं चूक एवढीच झाली की रक्त घेताना कशाकशाची टेस्ट आहे ते नीट सांगितलं नाही. एचआयव्हीची टेस्ट तर २०१७ च्या कायद्यानं विचारल्याशिवाय करताच येत नाही, बिनधास्त विचारा. आणि बायकोची झाली, तुमची झाली काय? आईंना तेही सांगा.

प्रश्न : लघवीच्या जागी पू येतोय, मेडिकलवाल्यानं दोन गोळ्या दिल्यात. गुप्तरोगांच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकात गेलो तर घरी कळवतात काय?
– निपाणी

उत्तर : नाही कळवत. हा बहुतेक परमा (गोनोरिया) किंवा त्याचा भाऊबंद, अर्धवट गोळ्या खाऊन तो दबतो, जात नाही, उलट औषधाला दाद देईनासा होतो. सरकारी दवाखान्यात याचं औषध राखाडी पाकिटात फुकट मिळतं, लक्षणाप्रमाणं पाकिटाचे रंग ठरलेले असतात. बायकोलाही औषध लागणार, तेव्हा घरी कळवायचं काम तुमचंच. जीभ वळत नसेल तर आधी १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन करा, नाव सांगावं लागत नाही.